परफ्यूमच्या बाटलीवरची अक्षरं मराठीत का नाहीत?

लग्नपत्रिका किंवा दुकानाचं नाव करून घ्यायला येणारं कुणी ना कुणी मोबाईल पुढे करतंच. त्यावर परफ्यूमची जाहिरात, नाहीतर फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ. "असली अक्षरं मराठीत का नाही मिळत हो?" असली म्हणजे उभी रेघ भरदार, आडवी केसाएवढी, आणि टोकांना सेरिफ, म्हणजे छोटे आडवे फाटे, नाहीत.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रोमनमध्येसुद्धा ही जोडी जरा उशिरानेच जमली. जाड-बारीक रेघ सेरिफवाल्या पुस्तकी टाईपाची, बिनसेरिफचा टाईप पाट्यांचा, एकसारख्या जाडीचा. १९३७ साली पॅरिसमध्ये पोस्टरकार कासांद्रनं 'पेन्यो' हा असा जाड-बारीक, बिनसेरिफचा टाईप काढला. पुढे १९५० मध्ये हेरमान त्साफ हा जर्मन अक्षरकार इटलीत फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये फरशीतल्या थडग्यांवरची अक्षरं बघत होता. जवळ कागद नव्हता, म्हणून हजार लिरांच्या नोटेवरच त्यानं ती रेखाटली. त्यातून १९५८ ला 'ऑप्टिमा' बाजारात आला. जाड-बारीक अगदी सौम्य, उभ्या रेघा कमरेत किंचित बारीक. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावरची अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं त्यातच कोरली आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांवरही तोच. हल्लीचे असे फॉण्ट जाड-बारीकमधला फरक खूप ताणतात, म्हणून ते मोठ्या आकारातच शोभतात.

आता आपलं. देवनागरीला सेरिफ नव्हताच, आणि बोरूची जीभ तिरकी कापलेली, त्यामुळे जाड-बारीक आपोआप येतं. म्हणजे मागताय त्यातलं अर्धं घरातच आहे. अडतं ते शिरोरेषेपाशी. रोमनमध्ये 'एच'ची आडवी रेघ बारीक केली तर बिघडत नाही, शेजारचं अक्षर तिच्यावर अवलंबून नसतं. आपला सगळा शब्दच आडव्या रेघेला टांगलेला. ती केसाएवढी केली की 'मामा' शब्द गॅलरीच्या कठड्यासारखा दिसतो. जाड ठेवली की ओळीवर काळी पट्टी बसते आणि तो महागडा मोकळेपणा संपतो.

हे मी शिकले एका साडीच्या दुकानाच्या पिशवीवर. 'पैठणी' एवढाच शब्द. कॉम्प्युटरवर इतका देखणा दिसत होता की मी प्रूफ न काढताच फाईल पाठवली. कापडावर स्क्रीन प्रिंटिंग झालं आणि शिरोरेषा जागोजागी तुटली. 'प'वरच्या दोन मात्रा हवेत तरंगत होत्या, 'ठ' खाली घसरल्यासारखा. दुकानाच्या काकांनी नखानं खरवडून पाहिलं. "धुतलीय का आधी?"

आता मी शिरोरेषा कान्याच्या साधारण निम्म्या जाडीची ठेवते आणि बारीकपणा दुसरीकडे शोधते: 'प'चं पोट कान्याला भिडतं तिथे, 'ठ'च्या मानेत, वेलांटीच्या वळणात. बाटलीवरच्यासारखं तंतोतंत दिसत नाहीच. काही जण नाक मुरडतात, मग मी ती पिशवी दाखवते. भाजीला तीच नेते. शिरोरेषा आता पार गेली, काने अजून ठणठणीत आहेत.