शेपटीचं टोक

नववीतली माझी जीवशास्त्राची जर्नल अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातल्या एका आकृतीवर सरांनी लाल शाईने काट मारलेली आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात मला त्या एका काटेबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या वाड्यांत तेव्हा हत्तीरोगाची धास्ती होती. रात्री नऊ-दहानंतर आरोग्य खात्याची माणसं बॅटऱ्या घेऊन यायची आणि निजलेल्यांना उठवून बोटातून रक्त घ्यायची. "रातीचा रगत कित्याक व्हया तेंका?" आजी दर वेळी करवादायची. तिचा प्रश्न मी वर्गात विचारला. सरांनी तेव्हा काहीच उत्तर दिलं नाही. आठवड्याभराने मात्र त्या पथकातल्या ओळखीच्या माणसाकडून रंगवलेली एक काचपट्टी मागून आणली.

प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप एकच, तोही आरशाचा. श्रावणातले दिवस होते. खिडकीशी टेबल ओढायचं, ढग सरकायची वाट बघायची आणि ऊन आलं की घाईने डोळा लावायचा. माझ्या पाळीला ऊन टिकलं. निळसर-जांभळा, वळसे घेतलेला एक दोरा दिसला. अंगात ठिपक्यांची रांग, भोवती तलम खोळ. मी झरझर आकृती काढली आणि ठिपके शेपटीच्या टोकापर्यंत नेले.

"टोकाला ठिपके दिसले तुला, की असतील असं वाटलं?" सरांनी विचारलं आणि काट मारली. पुन्हा बघितलं. टोक रिकामं होतं.

मग त्यांनी सांगितलं, की वुचेरेरिया या हत्तीरोगाच्या कृमीच्या पिल्लाची शेपटी टोकाला अशी रिकामी असते. ब्रुजिया मलायी या त्याच्या भावंडाच्या शेपटीत मात्र अगदी टोकाकडे दोन ठिपके असतात. तपासणारा माणूस कृमी ओळखतो तो यावरून. आजीचं उत्तरही त्याच तासाला मिळालं: ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि क्युलेक्स डास चावायच्या वेळी, म्हणजे रात्री, कातडीजवळच्या रक्तात येतात.

पुढे मुंबईत पीएच.डी.साठी मी हिवतापाचा परजीवी घेतला. तो तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारं हीम त्याला स्वतःलाच विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. हेच हिमोझोइन. क्लोरोक्वीन नेमकं हे स्फटिक बनणं अडवतं. २००२ साली फाल्सिपारम या हिवतापाच्या परजीवीचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकसंच, प्रसिद्ध झाला: १४ गुणसूत्रं, सुमारे ५,३०० जनुकं. त्या वर्षी आम्ही सगळे रात्ररात्र संगणकासमोर बसून होतो.

त्याच सुमारास पावसात आजी अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ती परत उठली नाही. मी हाडांकडे वळले ते तिच्यामुळे. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण एक प्रकारच्या पेशी ते सतत कुरतडत असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या ते भरून काढत असतात. कुरतडणाऱ्या पेशी रक्ताच्याच कुळातल्या.

हिवताप होऊन बऱ्या झालेल्या उंदरांची हाडं मी तपासत होते. मज्जेत काळपट कण दिसायचे. हिमोझोइनच ते, मी चांगली ओळखत होते. पण आजार संपला, हा उरलेला कचरा, असं धरून मी ते वर्षभर नोंदीतून वगळले. २०१७ मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या गटाचा शोधनिबंध आला. परजीवी मेल्यावरही त्याचे अवशेष मज्जेत राहतात, कुरतडणं वरचढ होतं आणि हाड झिजत जातं, हे त्यांनी उंदरांत दाखवलं होतं. ड जीवनसत्त्वासारखं एक औषध देऊन ती झीज रोखलीही होती. निबंध वाचून संपला तेव्हा मला सरांची आठवण आली. ते तेव्हा हयात नव्हते. मी सगळ्या काचपट्ट्या पुन्हा काढल्या आणि पहिल्यापासून मोजायला बसले. माझं नंतरचं सगळं काम त्या मोजणीतून निघालं आहे.

गेल्या डिसेंबरात शाळेत आले होते. प्रयोगशाळेत आता दिव्याचे मायक्रोस्कोप आहेत. जुना कपाटात होता, तो मागून घेतला आणि खिडकीशी टेबल ओढलं. उंदराच्या हाडाची एक काचपट्टी बरोबर आणली होती. नववीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली, मग पेन्सिल हातात धरून म्हणाली, "मॅडम, हे काळे ठिपके पण काढायचे?"

काढ म्हटलं. मोजून काढ.