तुम्ही विचारलंत म्हणून: यूपीआय असताना डिजिटल रुपया कशाला?

‘चहाचे दहा रुपयेसुद्धा यूपीआयने जातात, मग हा डिजिटल रुपया आणखी कशाला?’ आणि पाठोपाठ, ‘तो आला की सरकारला आपला पै न् पैचा हिशेब दिसणार ना?’ हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच येतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, फक्त ते कुणी नीट सांगत नाही. दुसऱ्याचं उत्तर अजून ठरायचं आहे, आणि ते संसदेने ठरवायचं आहे.

सुरुवात बचत खात्यापासून करू. पासबुकात ४०,००० रुपये दिसतात म्हणून बँकेच्या तिजोरीत तुमच्या नावाचं तेवढं पुडकं ठेवलेलं नसतं. ते बँक तुम्हाला लागत असलेलं देणं आहे. यूपीआय हे देणं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवतं. ते स्वतः चलन नाही. खिशातली शंभराची नोट मात्र थेट रिझर्व्ह बँकेचं देणं आहे. एरवी या फरकाने कुणाचं काही अडत नाही. तो कळतो बँक अडचणीत आल्यावर. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढत गेली. यूपीआय त्या दिवशीही व्यवस्थित चालू होतं, पण जे देणं वळवायचं तेच गोठलेलं होतं. ठेवविम्याचं संरक्षण तेव्हा १ लाखाचं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ लाख झालं. नोटेला असला विमा लागतच नाही.

डिजिटल रुपया हे त्या नोटेचं दुसरं रूप आहे, यूपीआयचं नाही. बँक रिझर्व्ह बँकेकडे मागणी नोंदवते, रिझर्व्ह बँकेत असलेल्या तिच्या खात्यातून तेवढी रक्कम वजा होते आणि त्या किमतीची टोकनं, म्हणजे डिजिटल नोटा, तिला मिळतात. ती पुढे तुमच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये येतात. टोकनं नाण्या-नोटांच्याच किमतींची, म्हणजे ५० पैसे, १, २, ५ पासून ५०० रुपयांपर्यंत. व्याज शून्य. वॉलेट ज्या बँकेचं, तिच्या ताळेबंदात हे पैसे नसतात, त्यामुळे ती बँक बुडाली तरी टोकन बुडत नाही. घाऊक व्यवहारांसाठीचा प्रयोग १ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाला, तुमच्या-आमच्यासाठीचा १ डिसेंबर २०२२ ला, मुंबईसह चार शहरांत आणि चार बँकांत. (ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं ‘ई-रुपी’ हे वेगळंच प्रकरण आहे, ते ठरावीक कामासाठीचं व्हाउचर. नावं इतकी सारखी ठेवायचं कुणाला सुचलं, देव जाणे.)

इथे कुणीही चाणाक्ष माणूस विचारेल, की रिझर्व्ह बँकेचा पैसा इतका सुरक्षित असेल तर सगळ्यांनी ठेवी मोडून तोच का घेऊ नये? नेमकी हीच भीती बँकांना आहे. पूर्वी अफवा उठली तरी शाखेसमोर रांग लागायची, रोकड संपायची, संध्याकाळी शटर खाली यायचं. तेवढा वेळ तरी मिळायचा. वॉलेटमध्ये पैसे ओढायला रात्रीचे दोन वाजलेले चालतात. आणि ठेव गेली की त्या ठेवीवर दिलं जाणारं कर्जही आटतं. म्हणून व्याज नाही आणि वॉलेटमध्ये किती ठेवायचं याला कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा लोकांना जाच वाटते, पण बँकव्यवस्थेला ती लागतेच.

आता सरकारचा भाग. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँक अधिनियम १९३४ मध्ये दुरुस्ती झाली. ‘बँक नोट’च्या व्याख्येत डिजिटल रूप आलं आणि कलम २२अ घातलं गेलं. या कलमाने डिजिटल नोटेला २४, २५, २७, २८ आणि ३९ ही कलमं लागू नाहीत असं सांगितलं. यातलं २८ वं कलम म्हणतं की हरवलेल्या, चोरलेल्या किंवा फाटलेल्या नोटेची किंमत हक्क म्हणून मागता येणार नाही. ते डिजिटल नोटेला लागू नाही, ही चांगली गोष्ट. फोन हरवला म्हणून पैसा हरवला असं निदान या कलमाच्या आधारे म्हणून तुम्हाला वाटेला लावता येत नाही.

पण वगळलेल्या यादीत कलम २६ नाही. याच कलमामुळे नोट कायदेशीर चलन ठरते, आणि याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. म्हणजे कायद्याच्या शब्दांप्रमाणे डिजिटल नोटांची मालिकाही रद्द होऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटाबंदी ४ विरुद्ध १ मतांनी वैध ठरवली. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं वेगळं मत होतं, की सरकारच्या पुढाकाराने असा निर्णय व्हायचा असेल तर तो कायदा करूनच व्हायला हवा. डिजिटल रुपयाच्या संदर्भात ते मत जास्त महत्त्वाचं ठरतं असं मला वाटतं. कागदी नोट रद्द झाली तरी ती तुमच्या हातात उरते, रांगेत उभं राहता येतं, मुदत मागता येते, कोर्टात जाता येतं. डिजिटल नोट रद्द व्हायला रांगही लागत नाही.

खर्च दिसण्याचं काय? आज डिजिटल रुपयाचं वॉलेट केवायसी झालेल्या खात्यावर आणि नोंदवलेल्या सिमकार्डावर उघडतं. पासबुकात मात्र फक्त वॉलेट भरल्याची नोंद येते. पुढे औषधाच्या दुकानात १८० आणि वडापावला २५ गेले, हे तिथे उमटत नाही. यूपीआयपेक्षा हे बरं, कारण तिथे प्रत्येक व्यवहार खातेउताऱ्यावर येतो आणि कर्ज मागायला गेलात की तोच उतारा बँक मागते. पण पासबुकात न उमटणं आणि कुठेच न उमटणं यांत अंतर आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ च्या संकल्पनापत्रात लहान रकमांना रोकडीसारखी वाजवी अनामिकता असावी असं म्हटलं आहे. कायद्यात मात्र ते आलं नाही. २२अ मध्ये गोपनीयतेबद्दल एक शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. तेव्हा ‘सरकारला दिसेल का’ याचं प्रामाणिक उत्तर असं: दिसू नये अशी इच्छा कागदावर आहे, दिसणार नाही अशी सक्ती नाही.

तिसरी गोष्ट चर्चेत सगळ्यात कमी येते आणि माझ्या मते सगळ्यात मोठी आहे. ती म्हणजे अटी घातलेला पैसा. टोकनला तीन प्रकारच्या अटी चिकटवता येतात: कोणत्या प्रकारच्या दुकानात चालेल, कोणत्या भागात चालेल आणि कोणत्या तारखेपर्यंत चालेल. चीनमधल्या शेन्झेनमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये ५०,००० लोकांना प्रत्येकी २०० युआन वाटले, ते आठवड्याभरात वापरायचे होते. आपल्याकडे इंडसइंड बँकेने २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचे (हवेतला कार्बन कमी केल्याबद्दल मिळणारे) पैसे अशा डिजिटल रुपयात देण्याचा प्रयोग केला. कल्पना वाईट नाही. खतासाठी दिलेले पैसे खतावरच जावेत असं देणाऱ्याला वाटणं रास्त आहे.

घोळ होतो तो दुकानाच्या वर्गवारीत. क्यूआर देताना बँक प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्ग क्रमांक लावते, आणि अट तपासली जाते ती त्या क्रमांकावर, पिशवीत काय भरलं यावर नाही. तालुक्याच्या ठिकाणी खत, बियाणं, पीव्हीसी पाइप, पत्रे आणि मोबाइल रिचार्ज हे सगळं एकाच गल्ल्यावर चालतं. तिथे क्यूआर बसवणाऱ्याने घाईत ‘हार्डवेअर’ असं टाकलं असेल, तर शेतकऱ्याचा खताचा पैसा त्या दुकानात नाकारला जाणार. उलट ‘कृषी सेवा’ असा वर्ग असलेल्या दुकानात खताच्या नावावर काहीही घेता येणार. म्हणजे अट प्रामाणिक माणसाला अडवते आणि हुशार माणसाला वाट देते. मुदतीचंही तसंच. पेरणीसाठी ३० जूनपर्यंतचे पैसे दिले आणि पाऊस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला, तर पैसा परत देणाऱ्याकडे आणि शेतकरी सावकाराकडे.

यावर माझं मत ठाम आहे. अट घालायचीच तर ती अनुदानावर घालावी, तीही वर्गवारी चुकली तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला बसवून. पगार, पेन्शन, मजुरी आणि शेतमालाची किंमत हे कमावलेले पैसे आहेत. त्यांना कोणतीही अट चिकटवता येणार नाही असं कायद्यात लिहिलं पाहिजे. परिपत्रक पुरेसं नाही, कारण ते दुसऱ्या परिपत्रकाने बदलतं.

‘म्हणजे सरकारने यातून बाहेर राहावं का?’ असं लगेच विचारलं जातं. अजिबात नाही. यूपीआय फुकट आहे ते बाजाराच्या कृपेने नाही. जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असं सरकारने ठरवलं, आणि २०२४-२५ साठी लहान रकमांच्या व्यवहारांपोटी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याच यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच अ‍ॅपवरून होतात. एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांवर न जाण्याचा नियम अनेकदा पुढे ढकलला गेला आहे. दोन कंपन्यांनी उद्या डोळे वटारले तर दुसरा रस्ता असावा, एवढ्यासाठीसुद्धा सार्वजनिक चलन हवं. बिटकॉइनच्या भक्तांना वाटतं की सरकार वगळलं की प्रश्न सुटला. पण बिटकॉइन कुणाचंच देणं नाही, मग पडल्यावर दाद मागायची कुणाकडे? एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये ते अधिकृत चलन केलं आणि २०२५ च्या सुरुवातीला ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली.

सक्तीचा उलटा नमुना नायजेरियाचा. तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा, म्हणजे त्यांचं सरकारी डिजिटल चलन, आला. लोक फिरकले नाहीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०२३ मधल्या अभ्यासात एखाद्या आठवड्यात एकदाही न वापरलेल्या वॉलेटचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर निघालं. २०२२ च्या अखेरीस नव्या नोटा आणल्या, रोकड काढण्यावर मर्यादा आल्या आणि २०२३ च्या सुरुवातीला नोटांचा इतका तुटवडा झाला की बँकांसमोर हाणामाऱ्या झाल्या. शेवटी मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असं सांगितलं. आपल्याकडे अजून जबरदस्ती नाही, पण आकड्यांची हौस आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये दिवसाला १० लाख व्यवहारांचा टप्पा गाठला तो बँकांनी कर्मचाऱ्यांचे भत्ते डिजिटल रुपयात दिल्यामुळे. नंतर आकडा खाली आला. मार्च २०२५ अखेर चलनात सुमारे १,०१६ कोटींचा डिजिटल रुपया होता, आणि कागदी नोटा ३६ लाख कोटींच्या वर.

मग घ्यायचा का? बघायला म्हणून हजार-दोन हजारांपुरता जरूर घ्या. घरात थोडी रोकड ठेवण्याची सवय मात्र सोडू नका; वीज आणि नेटवर्क गेलेल्या दिवशी तीच हमखास चालते.

तुमच्या बँकेचं डिजिटल रुपयाचं वेगळं अ‍ॅप उतरवा. नावाची स्पेलिंग आणि प्रकाशक म्हणून बँकेचंच नाव आहे का ते बघा, कारण नकली अ‍ॅप असतात. फोनमध्ये दोन सिम असतील तर बँकेत नोंदवलेलं सिमच निवडा. अ‍ॅप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करतं. पडताळणी अडते ती बहुधा इथेच, एक तर चुकीचं सिम निवडलेलं असतं किंवा एसएमएसचा बॅलन्स संपलेला असतो. मग पिन ठरवा, खातं जोडा आणि रक्कम भरा. पैसे द्यायला नेहमीचा यूपीआय क्यूआर चालतो. दुकानदाराकडे डिजिटल रुपयाचं वॉलेट नसेल तर रक्कम त्याच्या बँक खात्यात साध्या पैशासारखी जमा होते, म्हणजे तुमची नोट तिथपर्यंतच नोट राहते. फोन बदलायचा असेल तर शिल्लक आधी खात्यात परत वळवा. फोन हरवला तर सिम बंद करून तोच नंबर नव्या सिमवर घ्या आणि बँकेकडून वॉलेट पुन्हा सुरू करून घ्या. पिन कुणालाही सांगायचा नाही, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही नाही. व्यवहार अडकला तर तक्रार आधी वॉलेट देणाऱ्या बँकेकडे, लेखी, व्यवहार क्रमांक घालून. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिला शुल्क नाही.