माझं वर्तुळ
मी विक्का पाळते, म्हणजे निसर्गाला पूजणारा, जादूविधींचा आधुनिक पंथ; कुठल्याही गटात न जाता, एकटीनं. कुणावर करणी करणं यात बसत नाही. कुणाला इजा होत नसेल तेवढंच करायचं, हा आमचा मूळ नेम.

पौर्णिमेला आधी खोली झाडून घेते, मग विधीसाठी स्वतःभोवती वर्तुळ आखते. पूर्वेला वाऱ्यासाठी धूप, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाण्याची वाटी, उत्तरेला पृथ्वीसाठी मीठ. मेणबत्तीवर सुईनं एकच शब्द कोरते, तिला तेल चोळते आणि ती संपेपर्यंत जागची हलत नाही. मन भरकटलं की बोटांना लागलेला तेलाचा वास मला परत आणतो. शेवटी चारही दिशांचे आभार मानून वर्तुळ मोडायचंच. ही पायरी गाळलेली मला अजिबात पटत नाही.

हे सगळं हजारो वर्षं जसंच्या तसं चालत आलंय, असं मी मानत नाही. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर या इंग्रज लेखकानं हा पंथ उघडपणे मांडला. त्यांच्या सहकारी डोरीन व्हॅलिएंटे यांनी विधींना सुंदर शब्द दिले. धागे जुने, वीण विसाव्या शतकातली. माझी श्रद्धा त्यानं तसूभरही कमी होत नाही.

नव्यानं सुरू करताय? महागडी अवजारं राहू द्या. एक वही घ्या. तारीख, चंद्राची कला आणि काय जाणवलं ते त्याच रात्री लिहून ठेवा.