तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावरून पृथ्वी गोल दिसते का?

"तू तर समुद्राकाठीच राहतोस, मग तूच सांग, पृथ्वी गोल दिसते का तिथून?" हा प्रश्न मला वर्षभर येतो, पण गणपतीत आणि मे महिन्यात जरा जास्तच, कारण तेव्हा चाकरमानी गावाला आलेले असतात आणि एखाद्याच्या तरी मोबाईलमध्ये तो व्हिडिओ असतोच ज्यात एक माणूस कॅमेऱ्याने झूम करतो, क्षितिजाआड 'बुडालेलं' जहाज परत येतं, आणि खाली लिहिलेलं असतं की बघा, शाळेत आपल्याला कसं फसवलं. विचारणारे सगळे काही पृथ्वी सपाट मानणारे नसतात. बऱ्याच जणांना फक्त व्हिडिओला उत्तर देता येत नाही आणि ते टोचत असतं.

तर सरळ उत्तर आधी देतो. नाही, दिसत नाही. गणपतीपुळ्यापासून जयगडपर्यंत कुठल्याही पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभे राहा, क्षितिज पट्टीने आखल्यासारखं सरळ दिसतं, आणि कुणी मोबाईलवर काढलेला वाकडा क्षितिजाचा फोटो दाखवला तर तो बहुतेक वाइड अँगल लेन्सचा प्रताप असतो, गोल पृथ्वीचा पुरावा म्हणून असले फोटो फिरवणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. भास्कराचार्यांनी हे 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीतच सांगून ठेवलंय की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो, पृथ्वी एवढी मोठी, माणूस एवढासा, त्याला ती सपाट न दिसली तरच नवल. म्हणजे 'मला सपाट दिसते' यात खोटं काहीच नाही, फक्त त्यावरून काही ठरत नाही, कारण गोल असली तरी अशीच दिसणार होती.

आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. बघायला जाण्याच्या आधी दोन्ही बाजूंनी काय दिसायला हवं ते बोलून घ्यायचं. सपाट असेल तर हे दिसेल, गोल असेल तर ते दिसेल, आणि दोन्हीत सारखंच दिसणार असेल तर ती गोष्ट बाजूला ठेवायची. हे न करता नुसतं बघत बसलं की माणसाला जे आधीच वाटत असतं तेच दिसतं.

आता जहाजाचं घ्या. आमच्याकडे जयगडला मोठी मालवाहू जहाजं येतात आणि कधी कधी बाहेर नांगर टाकून उभी असतात, म्हणजे चाचणीसाठी याहून बरं काय पाहिजे, ती हलत पण नाहीत. जहाज किती लांब आहे ते मरीन ट्रॅफिक नावाच्या ॲपवर बघता येतं. समजा 20 किलोमीटरवर आहे. तुम्ही पाण्याच्या कडेला उभे, डोळा पाण्यापासून साधारण पावणेदोन मीटर वर, तर तुमचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर संपतं आणि गोल पृथ्वीच्या हिशोबाने जहाजाचा खालचा 15 मीटरच्या आसपास भाग झाकला जायला हवा, म्हणजे पाच मजली इमारत गायब. तसंच दिसतं. मागची केबिनची इमारत आणि वरच्या क्रेन दिसतात, मूळ जहाज नाहीच, जणू पाण्यातून चाळ उगवलीये.

व्हिडिओवाले म्हणतात झूम करा, परत येईल. ठीक आहे, करू. मुंबईच्या पुतण्याने निकॉनचा तो पी थाउजंड कॅमेरा आणला होता, 125 पट झूमवाला, ज्याच्यावर ही सगळी मंडळी जीव टाकतात. झूम केल्यावर केबिनच्या खिडक्या दिसायला लागल्या, रंग दिसला, क्रेनची रचना दिसली, पण खालचा भाग? नाही. व्हिडिओत जे परत येतं ते मुळात क्षितिजाच्या अलीकडेच असतं, छोटी होडी असते, नुसत्या डोळ्याला तिचा ठिपका दिसेनासा झालेला असतो, म्हणून झूमने दिसते. ते बुडालेलंच नव्हतं.

मग पुतण्याला म्हटलं, चल आता सड्यावर. आमचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, समुद्रापासून 90 मीटरच्या आसपास उंच आहे. जायच्या आधी त्यालाच विचारलं, तुझ्या व्हिडिओप्रमाणे वर गेल्यावर काय फरक पडेल? तो म्हणाला, काही नाही काका, उलट आपण थोडे लांबच जाणार ना. बरोबर, सपाट असेल तर हेच उत्तर. वर गेलो, आणि साध्या दुर्बिणीतूनसुद्धा अख्खं जहाज, पाण्याच्या रेषेपर्यंत, आणि त्याच्या मागेही भरपूर समुद्र. 90 मीटरवरून क्षितिज 36 किलोमीटरच्या पुढे जातं, त्यामुळे 20 किलोमीटरवरचं जहाज आता क्षितिजाच्या अलीकडे आलेलं असतं. झूमने जे आलं नाही ते चढल्यावर आलं. दुसरं काही बघायला वेळ नसेल तर एवढं एकच बघा.

शेजारच्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याला, हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी भरती-ओहोटीचा शोध लावून आलोय. त्यांचं हे रोजचंच, दर्यातून परत येताना आधी मागचे उंच डोंगर, मग सडा आणि दीपगृह, आणि किनाऱ्यावरचे माड सगळ्यात शेवटी, हाच क्रम, कधी उलटा नाही.

आता एक अडचण, जी गोलवाले सांगत नाहीत. हवा प्रकाश वाकवते. थंडीच्या सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटलेला असतो, गार हवा कोमट पाण्यावर पसरते, आणि लांबच्या होड्या चक्क पाण्याच्या वर तरंगताना दिसतात, खाली उलटं प्रतिबिंब. मृगजळच ते. अशा वेळी जहाजाचा खालचा भाग दिसत नाही तो गोलाईमुळे की हवेमुळे, हे सांगता येत नाही, आणि समोरच्याने तसा आक्षेप घेतला तर तो बरोबर आहे. उलट गार पाण्यावर गरम हवा असली की झाकलेलं वर उचलल्यासारखं दिसतं. याच गोष्टीने इंग्लंडात घोळ घातला होता. सॅम्युअल रोबॉथम नावाच्या माणसाने 1838 मध्ये बेडफर्ड कालव्याच्या सहा मैलांच्या सरळ पट्ट्यात पाण्यात उभं राहून, डोळा पाण्यापासून वीतभर उंचीवर ठेवून लांब जाणारी होडी बघितली, ती शेवटपर्यंत दिसली, आणि त्यावर त्याने पृथ्वी सपाट असल्याचं जाहीर केलं. पुढे 1870 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने, हो, डार्विनच्या जोडीने उत्क्रांती सांगणारा तोच, 500 पौंडांच्या पैजेवर त्याच कालव्यावर परत प्रयोग केला, पण नजरेची रेषा पाण्यापासून 13 फूट वर घेतली आणि मध्ये एक खूण ठेवली. मधली खूण वर आलेली दिसली, म्हणजे मधलं पाणी फुगीर. पाण्याला चिकटलेली हवा सगळ्यात जास्त खोड्या करते, तिच्यापासून वर उठलात की चित्र साफ होतं. म्हणून जहाज बघायचं तर वारा वाहता असताना दुपारनंतर बघा, आणि तरंगतंय असं दिसलं तर तो दिवस सोडून द्या.

गोलाईमुळे वस्तू किती खाली जाते याचं 'मैलाच्या वर्गाला आठ इंच' हे सूत्रही मला पाठवतात, की 20 किलोमीटरवरची वस्तू 103 फूट खाली जायला हवी, मग दिसते कशी? ते सूत्र डोळा बरोब्बर पाण्याच्या पातळीला टेकवलेल्या माणसाचं आहे. तुम्ही 10 मीटरवर, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसलात तर त्याच 20 किलोमीटरवर 20 फूटसुद्धा झाकले जात नाहीत. डोळ्याची उंची न विचारता जो कोणी हिशोब मांडतो त्याच्याशी वाद घालू नका, चहा पाजा.

सूर्यास्ताचं मात्र मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला दोन माणसं आणि दोन मोबाईल एवढंच लागतं. एक जण पुळणीवर, एक जण सड्यावर, फोन चालू. खालचा म्हणतो गेला, वरचा म्हणतो अजून आहे, आणि जवळजवळ एक मिनिटभर तो 'अजून आहे, अजून आहे' करत असतो. जमीन सपाट आणि सूर्य हजारो किलोमीटरवर असेल, तर 90 मीटरने कसला डोंबलाचा फरक पडणार? (दुर्बीण सूर्याकडे लावू नका, हे पोरांना दोनदा सांगा.) रत्नागिरीची कितीतरी मुलं दुबईला आहेत, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे 2011 मध्ये धर्मगुरूंनी बुर्ज खलिफातल्या लोकांसाठी सांगितलं होतं की 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि 150 व्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं, कारण त्यांचा सूर्य मावळलेलाच नसतो.

'आपण कितीही वर गेलो तरी क्षितिज डोळ्याच्या पातळीतच राहतं' असंही एक ठासून सांगितलं जातं. ह्याला गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी पुरते. सड्यावर दोन काठ्या दोन मीटर अंतरावर रोवा, नळीची दोन टोकं बांधा, आणि दोन्ही पाण्याच्या पातळ्या एका रेषेत धरून समुद्राकडे बघा. 90 मीटर उंचीवर क्षितिज त्या रेषेच्या साधारण एक सेंटिमीटर खाली दिसतं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, हवा धुतलेली असते तेव्हाच हे जमतं, मे महिन्याच्या धुरकट हवेत क्षितिजच सापडत नाही.

ग्रहणाबद्दल थोडक्यात. 2025 मध्ये अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, 7 सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण होतं, ज्यांच्यावर ढगांनी दया केली त्यांनी चंद्रावर पृथ्वीच्या सावलीची कड बघितली असेल, गोलच. एखादी थाळीही गोल सावली पाडते हे मान्य, पण थाळी तिरपी झाली की सावली लंबगोल होते, आणि ग्रहण चंद्र उगवताना असो की मध्यरात्री, कड नेहमी गोलच येते.

रात्रीचं आकाश राहिलं. गोल असेल तर उत्तर-दक्षिण सरकलं की तारे वरखाली व्हायला हवेत. फेब्रुवारीत नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य तारा बघा, व्याध ताऱ्याच्या खाली, चांगला ठळक. हात सरळ करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, आमच्याकडे अगस्त्य क्षितिजापासून दोन मुठी वर असतो. त्याच वेळी दिल्लीतल्या नातेवाईकाला गच्चीवर पाठवा, त्याला एक मूठही पुरी मिळणार नाही, श्रीनगरात तर तो डोंगराआडच राहील. ध्रुवाचं उलटं, आमच्याकडे दोन मुठींना थोडा कमी, दिल्लीला जवळजवळ तीन. आणि चाकरमान्यांसाठी खास, कारण तुम्ही मे महिन्यातच येता: महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास, हवा साफ असेल तर, दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस, उभा असतो. त्याचा सगळ्यात खालचा, सगळ्यात तेजस्वी तारा आम्हाला एक मूठ वर दिसतो, दिल्लीवाल्याला तो त्याच्या गच्चीवरून वर्षात कधीच दिसत नाही, कितीही झूम केलं तरी.