शंभर लिटरचा संसार

भांडण शेवटी पाण्यावरून झालं. माधवपूरला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, समोर अख्खा अरबी समुद्र पसरलेला असताना. ह्यांनी चहाचं पातेलं नळाखाली धरलं, पंप नुसताच घरघरला, नळाने दोन थेंब टाकले आणि हात वर केले.

"केस कुणी धुतले?" ह्यांनी विचारलं.

गाडीत माणसं दोन. त्यातल्या एकाला टक्कल. तेव्हा हा प्रश्न नव्हता, आरोपपत्र होतं.

पण आधी गाडीचं सांगते. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, आमचे हे यूट्यूबवर गेले. तिथे कुणीतरी गोरं जोडपं कॅरॅव्हॅन घेऊन समुद्राकाठाने हिंडत असतं. सकाळी दार उघडलं की पायरीशी लाटा आणि हातात कॉफीचा मग. वर्षभर हे बघून झाल्यावर ह्यांनी जाहीर केलं, उत्तरायण झालं की निघायचं. मांज्याने कापलेली बोटं भरायच्या आत दारात गाडी उभी. टेम्पो ट्रॅव्हलरची बाकं काढून आत घर बसवलेलं, नऊ दिवसांच्या भाड्याने. दोन बर्नरची शेगडी, बुटका फ्रिज, हातभर ओटा, टपावर सोलर, खाली इन्व्हर्टरची बॅटरी, आणि एक न्हाणीघर, ज्यात साबण पडला तर आधी बाहेर यावं लागतं, मगच वाकता येतं. वडोदऱ्यात मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत ती बघायला इतकी माणसं लोटली की प्रवासासाठी घेतलेला लिलो चेवडो निघण्याआधीच निम्मा संपला. नणंद आत डोकावून म्हणाली, "अगंबाई, हे तर विंचवाचं बिऱ्हाड!" दोघांत विंचू कोण, ते तिने सांगितलं नाही.

वासद, तारापूर, वटामण करत भावनगर गाठायचं आणि तिथून समुद्र डाव्या हाताला ठेवून महुवा, दीव, सोमनाथ, पोरबंदर, द्वारका, आणि रस्ता संपतो तिथे ओखा, असा बेत. समुद्र डाव्या हाताला म्हणजे माझ्या खिडकीत. हे मला आधीच कळलं असतं तर मी इतके आढेवेढे घेतले नसते.

गाडीत सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य म्हणजे "जरा सरका." ओटा आणि बिछाना यांच्यामध्ये जी वाट आहे तीत एका वेळी एकच संसारी माणूस मावतो. मी फोडणी टाकत असताना ह्यांना नेमका चष्मा हवा असतो आणि तो नेमका माझ्या मागच्या फळीवर असतो. आमचं दांडिया बाजारातलं जुनं घर असं होतं की भांडण झालं तर एकाने माडीवर आणि दुसऱ्याने परसात जाऊन दुपारभर अबोला धरावा. इथे अबोला धरला तरी "सरका" म्हणावंच लागतं, आणि एकदा तोंड उघडलं की अबोला संपला. जेवायचं टेबलच रात्री खाली उतरून पलंग होतं. म्हणजे ह्यांना नकाशा पसरून उद्याचा रस्ता बघायचा असेल तर मला झोप नाही, आणि मला झोप आली असेल तर ह्यांना उद्या नाही.

रात्री मुक्काम टाकायचा तर गाडी सपाट उभी करावी लागते. नाहीतर डोकं खाली आणि पाय वर, फ्रिजचं दार आपोआप उघडतं, आणि सकाळी दोघांचे चेहरे सुजलेले. ह्यांनी आयुष्यभर साइटवर वापरलेली पितळी पाणसळ बरोबर घेतली होती. ती ओट्यावर ठेवायची, बुडबुडा बघायचा, मग खाली उतरून चाकाखाली लाकडाची फळी सारायची, मी गाडी वीतभर पुढे घ्यायची, पुन्हा बुडबुडा. पहिल्या रात्री हा खेळ पाऊण तास चालला. शेवटी मी थाळीत पाणी ओतलं आणि थाळी ओट्यावर ठेवली. ह्यांनी पाणसळीकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पाणी वाया गेलं." ते मी परत पातेल्यात ओतलं आणि त्याचाच चहा केला, पण पाणी या विषयाची पायाभरणी तिथेच झाली होती.

तो मुक्काम कोळियाकचा. खंभातच्या आखातात समुद्र येतो-जातो म्हणजे काय, ते तिथे कळतं. भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घर रोज दोनदा बुडावं आणि दोनदा वर यावं. निष्कलंक महादेव तर समुद्रातच आहे. ओहोटीला पाणी मागे हटलं की चिखलातून, दगडांतून चालत जायचं, पाच लिंगांवर पाणी घालायचं आणि भरतीच्या आत माघारी यायचं. देवानेसुद्धा "जरा सरका" म्हणून जागा करून घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली. ह्यांनी मोबाइलमध्ये भरतीची वेळ काढली होती. नारळवाल्याने तिथी विचारली, बोटांवर मोजली आणि तीच वेळ सांगितली. हे जरा हिरमुसले.

याच भरतीच्या जोरावर पुढे अलंग चालतं. १९८३ पासून तिथे जगभरातली म्हातारी जहाजं येतात. मोठ्या भरतीला किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी ओसरलं की कोरड्यात उभी राहिलेली बोट तोडायला घेतात. आम्हाला बोटी काही बघायला मिळाल्या नाहीत, आत सोडत नाहीत. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजांच्या पोटातून निघालेल्या सामानाची दुकानं लागतात, मैलभर. दारं, कपाटं, गाद्या, कढया, लाइफ जॅकेटं. तिथे मला माझ्या दुखण्याचं औषध सापडलं. वडोदऱ्याहून निघाल्यापासून प्रत्येक गतिरोधकावर माझे कप ओट्यावरून घसरत होते, दोन फुटलेही होते. दुकानदाराने एक ट्रे पुढे केला, चारी बाजूंनी बोटभर उंच काठ असलेला, आणि दोन जाड पांढरे कप, बुडाशी रुंद, ओठाशी अरुंद. बुडावर कोरियन असावीत अशी अक्षरं. "बेन, आ कप दरियामां नथी पड्यो, तमारी गाडीमां शुं पडशे?" असं तो म्हणाला. मी भाव न करता घेतला. तीस वर्षं खंडेराव मार्केटात घासाघीस केलेली बाई भाव न करता काही घेते, हे बघून ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दीवला आणखी एक गंमत झाली. गाडी मागे घेताना मागे उभं राहून ओरडायचं काम माझं. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" माझं "बास" आणि विजेचा खांब एकाच वेळी पोचले. मागच्या दिव्याची काच गेली. हे म्हणाले, बास जरा आधी म्हणायचं असतं. मी म्हटलं, तुम्ही जरा आधी थांबायचं असतं. काचेचे पैसे अर्थातच आमच्याच अनामत रकमेतून गेले.

त्या रात्री ह्यांनी मला किनाऱ्याची लांबी सांगितली. शाळेत आपण भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असा पाठ केला होता, आता सरकारी आकडा ११,०९८ झालाय. एकट्या गुजरातचा १,२१४ वरून २,३४० वर गेला. मी विचारलं, एवढी जमीन आली कुठून? तर जमीन नाही आली, पूर्वी लहान नकाशावर मोजलं होतं, आता मोठ्या नकाशावर प्रत्येक खाडी, प्रत्येक वळसा धरून मोजलं. डोळा जवळ नेला की किनारा लांब होतो. मला हे फार पटलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचं माप मी बरंचसं लांबूनच घेतलेलं होतं. हा माणूस टॉवेलच्या तीन घड्या घालतो, झोपेत गुजरातीत बोलतो, आणि चहाचा शेवटचा घोट कपातच ठेवतो, हे सगळे वळसे मला त्या सहा फुटी वाटेत सापडले.

सोमनाथला अहिल्याबाईंनी १७८३ साली बांधलेल्या देवळात आधी गेलो, मोठ्या देवळात मग. तिथल्या मुक्कामात फजिती अशी झाली की गाडीतल्या संडासाची पेटी असते तिला चाकं आणि ओढायची दांडी असते, अगदी विमानतळावरच्या बॅगेसारखी. हे ती धर्मशाळेच्या संडासात रिकामी करायला निघाले, तर दारातला मुलगा धावत आला, "लावो साहेब, सामान हुं लई लउं!" ह्यांनी ती पेटी छातीशी धरली. एवढ्या ममतेने ह्यांना काही धरलेलं मी आमच्या मुलाच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं.

आणि मग माधवपूर. सोमनाथच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या केसांचा काथ्या झाला होता. दुपारी हे वाळूत फिरायला गेले आणि मी केस धुतले. टाकी १०० लिटरची. नळाशेजारी चार हिरवे दिवे आहेत, एकेक विझत जातो. मी दिव्यांकडे बघितलं नाही, एवढंच. आमच्या गावाला सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकातच आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने आणून दिलेलं. आम्ही वडोदऱ्याची माणसं, नळ सोडताना मोजायची आम्हाला सवय कुठली? ह्यांना मात्र अचानक कच्छच्या रणात जन्मल्यासारखी काटकसर सुचली. बोलणं वाढलं. माझ्या माहेरच्या मोरीपर्यंत गेलं. बिनचहाचे झोपलो, टेबलाच्या दोन कडांना.

माधवपूर म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचं गाव. रामनवमीला तिथे मोठी जत्रा भरते. रुक्मिणी आपली, विदर्भाची. माहेर इतक्या लांब, म्हणून मला तिचं जरा जास्तच वाटतं. पंढरपुरात ती विठोबाच्या शेजारी नाही, वेगळ्या गाभाऱ्यात, रुसून आलेली. पण द्वारकेतही ती वेगळी आहे हे मला ठाऊक नव्हतं. द्वारकाधीशाच्या जगत मंदिरापासून दूर, गावाबाहेर तिचं देऊळ. दुसऱ्या दिवशी तिथे पुजाऱ्याने कथा सांगितली. कृष्ण-रुक्मिणी दुर्वासांना जेवायला बोलवायला गेले. ऋषी म्हणाले, येतो, पण रथाला घोडे नाहीत, तुम्ही दोघं जुंपून घ्या. ओढता ओढता रुक्मिणीला तहान लागली. कृष्णाने पायाचा अंगठा जमिनीवर दाबला, गंगा वर आली, ती प्यायली. दुर्वासांना आधी विचारलं नाही. झालं, बारा वर्षं नवरा-बायकोंनी वेगळं राहायचं. इथलं पाणी खारं झालं तेही तेव्हापासून, असं सांगतात. म्हणून त्या देवळात आजही पाण्याचं दान देतात.

नवरा-बायको, गाडी, आणि न विचारता वापरलेलं पाणी. ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर विजय होता.

"बघताय काय?" मी म्हटलं. "शाप ऋषींनी दिला. नवऱ्याने अंगठा मारून पाणी काढून दिलं. केस कुणी धुतले, असं विचारलं नाही."

ह्यांनी पाकीट काढलं आणि पाण्याच्या दानाची पावती माझ्या नावाने फाडली.

द्वारकेहून ओख्याकडे जाताना मीठापूर लागतं. गुजरातीत मीठुं म्हणजे मीठ आणि मीठुं म्हणजे गोडही. तिथे दोन्ही बाजूंना मिठागरं आहेत, तेव्हा शंका नको. ओखामंडळ हा मुलूख १९४९ पर्यंत गायकवाडीत होता. आमच्या आजेसासऱ्यांची नोकरी गायकवाडी महसुलात, आणि त्यांची बदली इकडे झाली होती. म्हणून सासरी एक धमकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, "नीट वाग, नाहीतर ओख्याला पाठवीन." पोरांना वाटायचं, ओखा म्हणजे काळकोठडी. प्रत्यक्षात बंदर, मासळीचा वास, आणि बेट द्वारकेकडे गेलेला लांबलचक पूल. आजेसासूबाई इथे घागरीने पाणी मोजून संसार करत होत्या म्हणे. मला त्यांना गाडीतले चार दिवे दाखवायला आवडलं असतं.

पुढे रस्ता नव्हता. परत फिरायच्या आधी एका पंपावर पाणी भरायची परवानगी मिळाली. ह्यांनी नळी टाकीत घातली आणि मला आत दिव्यांपाशी बसवलं.

"किती?"

"दोन. येऊ द्या."

"आता?"

"तीन. येऊ द्या, येऊ द्या."

अलंगच्या कपात माझा चहा होता, खिडकीतून दिसणारा टक्कल असलेला माणूस नळी धरून उकिडवा बसला होता, चौथा दिवा लागला होता. टाकी भरून पाणी बाहेर आलं, ह्यांच्या चपला भिजल्या, पँटचे पाय भिजले. बास म्हणायला मी याही वेळी जरा उशीरच केला.