गोडो इंजिनमध्ये गोव्याचा पाऊस

गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये गोव्यातलं पावसाळी अंगण उभं करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी थेंब वाढवत सुटतात. फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) कोसळतो, आणि भिंती मात्र कोरड्याच दिसतात. पाऊस खरा वाटतो तो ओल्या पृष्ठभागांमुळे आणि आवाजामुळे. थेंबांचा नंबर त्यानंतरचा.

सुरुवात चिऱ्याच्या भिंतीपासून करा. जांभा दगड सच्छिद्र असतो. छिद्रांत पाणी भरलं की तो गडद होतो, पण लगेच चकाकत नाही. म्हणून मटेरियलचा अल्बेडो (मूळ) रंग साधारण 0.6 पट करा, रफनेस (खडबडीतपणा) 0.9 वरून 0.6 पर्यंतच आणा. पाणी साचतं त्या अंगणाच्या फरशीला रफनेस 0.1 चालेल. चकाकी हवी म्हणून मेटॅलिक (धातूपणा) वाढवू नका, ते 0 च राहू दे. नाहीतर दगड पत्र्यासारखा दिसतो. अंगणात एक रिफ्लेक्शन प्रोब (भोवतालचं प्रतिबिंब टिपणारा नोड, म्हणजे सीनचा घटक) ठेवा, अपडेट मोड 'वन्स' (एकदाच टिपणारा). तो नसेल तर पडवीतल्या ओल्या फरशीतही उघडं आभाळच दिसतं, आणि डोळ्याला ते लगेच खटकतं.

आता थेंब. दोन-तीन हजार पार्टिकल (कण) पुरतात, पण एमिटर (कण सोडणारा नोड) कॅमेऱ्याबरोबर डोक्यावरून सरकला पाहिजे आणि लोकल कोऑर्डिनेट्स (कणांची जागा एमिटरच्या सापेक्ष धरणं) बंद हवेत. चालू राहिले तर खेळाडू वळला की अख्खा पाऊस वळतो. मान वर केल्यावर पाऊस एकदम गायब होत असेल तर व्हिजिबिलिटी एएबीबी (कण दाखवायचे की नाही हे जिच्यावरून ठरतं ती चौकट) लहान आहे, ती मोठी करा. पाऊस कौलांतून आत येतो? घरावर हाईटफील्ड कोलिजन नोड (छताची उंची टिपून कणांना अडवणारा) ठेवा आणि पार्टिकलच्या मटेरियलमध्ये कोलिजन मोड 'हाईड ऑन कॉन्टॅक्ट' (टेकताच गायब) करा. धुक्याचं म्हणाल तर व्हॉल्युमेट्रिक फॉग (हवेत भरलेलं, प्रकाश पकडणारं धुकं) फक्त फॉरवर्ड प्लस या रेंडररमध्ये (चित्र काढणाऱ्या यंत्रणेत) चालतो, कॉम्पॅटिबिलिटी रेंडररमध्ये साध्या फॉगवर भागवायचं.

आवाजाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तीन थर लागतात. दूरचा सलग पाऊस स्टिरिओत, साध्या ऑडिओ प्लेयरवर. पडवीच्या पत्र्यावरचा ताडताड मोनोत, थ्रीडी प्लेयरवर, पत्र्याच्या जागीच. आणि पागोळ्या: पाच-सहा वेगवेगळे थेंब रँडमायझरमध्ये (दर वेळी वेगळा आवाज निवडणारं साधन) टाका, रँडम पिच (सुराची पट्टी किती बदलू द्यायची) 1.1 ठेवा, म्हणजे तोच थेंब पुन्हा वाजल्यासारखा वाटत नाही. सलग वाजणाऱ्या फाइल्स ऑग व्हॉर्बिस या ऑडिओ फॉरमॅटमध्ये ठेवा. एमपीथ्रीच्या दोन्ही टोकांना एन्कोडर थोडी शांतता जोडतो, त्यामुळे लूप दर फेरीला अडखळतो. तिन्ही थर 'पाऊस' नावाच्या एकाच बसवर (आवाज एकत्र करणाऱ्या वाहिनीवर) सोडा आणि त्या बसवर लो-पास फिल्टर (उंच सूर कापणारा) लावा. खेळाडू घरात शिरला की कटऑफ (ज्याच्या वरचे सूर कापले जातात ती मर्यादा) 20500 हर्ट्झवरून 900 पर्यंत ट्वीनने (किंमत हळूहळू बदलणाऱ्या साधनाने) अर्ध्या सेकंदात उतरवा. फिल्टर नुसता चालू-बंद केलात तर उंबरठ्यावर आवाज तुटतो.

सेटिंग्जमध्ये आवाजाचा स्लायडर 0 ते 1 आणि स्टेप 0.01 ठेवा. स्टेप 1 असेल तर स्लायडर या टोकाहून थेट त्या टोकाला जातो. स्लायडरची किंमत 'लिनियर टू डीबी' फंक्शनमधून काढूनच बसला द्या: 0.5 म्हणजे साधारण उणे 6 डेसिबल. ती थेट डेसिबल म्हणून दिली तर स्लायडर कुठेही नेला तरी आवाजात जेमतेम 1 डेसिबलचा फरक पडतो आणि शून्यावरही पाऊस चालूच राहतो.

साध्या लॅपटॉपसाठी थ्रीडी स्केल (थ्रीडी चित्र किती कमी रिझोल्यूशनवर काढायचं ते प्रमाण) 0.67 चा पर्याय द्याच. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, आणि मेनूची अक्षरं तशीच स्पष्ट राहतात, कारण हे स्केल टूडीला लागू होत नाही. सूर्यप्रकाशाच्या सावलीचं कमाल अंतर मुळात 100 मीटर असतं. अंगणाला 40 भरपूर झालं. तेवढ्यानेच सावल्या रेखीव होतात, वेगळा भार पडत नाही.

या सगळ्या सेटिंग्ज कॉन्फिगफाइलमध्ये (सेटिंग्ज साठवायच्या फाइलमध्ये) साठवा, पण युजर पाथवर (user://, खेळाडूच्या मशीनवरचं फोल्डर). रेस पाथवर (res://, प्रोजेक्टचं फोल्डर) लिहिलेलं एडिटरमध्ये व्यवस्थित चालतं आणि एक्सपोर्ट केल्यावर बंद पडतं, कारण तिथे लिहिता येत नाही. फाइल वाचायचं काम ऑटोलोडमध्ये (गेम सुरू होताच आपोआप लोड होणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) करा, म्हणजे पहिला सीन यायच्या आधी आवाज जागेवर असतो. पहिल्यांदा गेम उघडणाऱ्याकडे ही फाइल नसतेच, म्हणून प्रत्येक किंमत वाचताना डीफॉल्ट द्या: आवाजाला 0.8, स्केलला 1.