सातबाऱ्यातली अरबी

जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये, भरणाऱ्या अरबीच्या वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या उस्ताजांनी फळ्यावर हा, साद आणि लाम ही तीन अक्षरे एकमेकांपासून सुटी लिहिली आणि त्यांच्यापासून शब्द घडवायला सुरुवात केली. हसल म्हणजे मिळाले, हासिल म्हणजे मिळालेले, तहसील म्हणजे गोळा करणे, महसूल म्हणजे पीक. त्यांचा खडू पुढच्या शब्दाकडे वळला होता, पण माझी वही तिथेच थांबली. निफाड तालुक्यात वाढलेल्या मुलीला तहसील आणि महसूल हे शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत. वडिलांचे बोट धरून तहसील कचेरीच्या पायऱ्या मी शाळेत जाण्यापूर्वीपासून चढले आहे. मात्र हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि जे पीक आहे त्यावरूनच आपल्याकडे सरकारी उत्पन्नाला नाव मिळाले आहे, हे मला अम्मानमध्ये कळले.

नाशिकमध्ये मी द्राक्षनिर्यातीच्या कागदपत्रांचे काम करते. आखाती देशांतल्या खरेदीदारांशी बोलणे इंग्रजीत होत असे, पण फोनवर मागून ऐकू येणारे त्यांचे आपसातले बोलणे मला कळत नसे आणि ते कळावे असे फार वाटे. जुन्या नाशकातल्या एका मौलाना साहेबांनी मला अठ्ठावीस अक्षरे अत्यंत प्रेमाने शिकवली. पुढे वर्षभर पुस्तकावरून व्याकरण केले. मग हंगाम संपवून, एप्रिलची खरड छाटणी आटोपल्यावर, रजा घेऊन मी जूनच्या पहिल्या आठवड्यात जॉर्डनला गेले. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा होता. सकाळी चार तास फुसहा, म्हणजे लेखनातली आणि बातम्यांतली प्रमाण अरबी, दुपारी आम्मिया, म्हणजे घरातली आणि रस्त्यावरची बोली, आणि मुक्काम एका कुटुंबात. संस्थेच्या आवारात अरबीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही, असे पहिल्याच दिवशी लिहून घेतले होते.

या दोन अरबींमधले अंतर किती आहे, याची कल्पना मला भारतात कोणीच दिली नव्हती, आणि याबद्दल माझी खरोखर तक्रार आहे. पहिल्या दिवशी टॅक्सीत बसून मी 'उरीदु अन अझ्हब' अशी शुद्ध सुरुवात केली. चालकाने ती अदबीने ऐकून घेतली आणि मग जे उत्तर दिले त्यातला एकही शब्द मला ओळखता आला नाही. 'मला हवे आहे' याला रस्त्यावर कोणी 'उरीदु' म्हणत नाही, 'बिद्दी' म्हणतात. 'काय' याला 'माझा' नव्हे, 'शू'. कॉफीचा 'कहवा' शहरी माणसाच्या तोंडी 'अहवे' होतो आणि बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या, वळणाने बोलणाऱ्याच्या तोंडी 'गहवा'. ज्या अभ्यासक्रमात बोलीला स्वतंत्र तास नाहीत तिथे कोणी पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट केवळ बोली शिकून आलेल्यांना वर्तमानपत्र उघडता येत नव्हते, म्हणून दोन्हींचे ओझे एकदमच उचलावे लागते.

त्या ओझ्यात मराठीने मला जितका हात दिला तितका इंग्रजीने दिला नाही. आकडे म्हणताना अरबीत एकक आधी आणि दशक नंतर येतो: 'खम्सा व इश्रून', पाच आणि वीस. माझ्या वर्गातली युरोपीय मुले यात अडखळत, आणि मला मात्र तो आपला पंचवीसच ऐकू येई. द्विवचन शाळेतल्या संस्कृतमुळे ओळखीचे होते. अरबी शब्दकोश धातूंच्या क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे 'मक्तबा' हा शब्द म-मध्ये शोधून सापडत नाही, आधी त्याची साल काढून क-त-ब पर्यंत पोचावे लागते. पहिले पंधरा दिवस एकेका शब्दाला दहा-दहा मिनिटे लागली. नंतर मी वहीच्या मागच्या पानावर घरचे शब्द धातूंप्रमाणे मांडू लागले, नजर आणि मंजूर एका ओळीत, दाखल आणि दाखला दुसऱ्या ओळीत, आणि कोश हाताला सरावला.

दाद या अक्षराचा उच्चार मला शेवटपर्यंत नीट साधला नाही. अरब लोक आपल्या भाषेला अभिमानाने 'दादची भाषा' म्हणतात, आणि नेमके तेच अक्षर फारसीतून आपल्याकडे येताना 'ज' होऊन आले. तिकडचा 'कादी' आपला काजी, 'अर्द' आपला अर्ज आणि 'दिल्अ' आपला जिल्हा. 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबीअ' म्हणजे वसंत. खरीप आणि रब्बी ही नावे पेरणीवरून नसून काढणीच्या ऋतूवरून पडली आहेत, हे तेव्हा लख्ख समजले. काही शब्दांनी फसवलेही. 'गरीब' म्हणजे तिकडे परका किंवा विचित्र. मी एका शेतकरी कुटुंबाचे वर्णन करताना तो शब्द वापरला, तेव्हा ती माणसे विचित्र का वाटतात असे मला विचारण्यात आले.

मी राहत होते ते घर जबल लुवैबदेह या टेकडीवर होते. घरच्या बाईंना सगळे थोरल्या मुलाच्या नावावरून 'उम्म अमुक' म्हणत, जसे आपल्या गावात 'अमक्याची आई' म्हणतात. मी त्यांना 'खालतो' म्हणत असे, म्हणजे मावशी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई आणि गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवाव्या लागत. या एका बाबतीत मला काहीच शिकावे लागले नाही.

एका गुरुवारी त्या मला भाजीबाजारात घेऊन गेल्या. एका गाड्यावर द्राक्षाची पाने रचून ठेवली होती, एकावर एक, देठ एका बाजूला, आणि तराजूवर किलोने विकली जात होती. मी पाहतच राहिले. आमच्या बागेत ही पाने शेंडा खुडताना आणि बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, काढताना सरीत पडतात आणि तिथेच वाळतात. घरी आल्यावर खालतोंनी पाने गरम पाण्यातून काढली, शिरांची बाजू वर करून एक पान ताटात पसरले, देठाजवळ तांदूळ आणि खिम्याची बोटभर रेघ ठेवली, दोन्ही कडा आत दुमडल्या आणि करंगळीएवढी घट्ट गुंडाळी केली. माझी पहिली दहा पाने सुटली. 'श्वय्ये श्वय्ये,' त्या म्हणत राहिल्या, हळूहळू. त्या दोन तासांत पसरणे, दुमडणे, घट्ट आणि सैल यांसाठी जे शब्द माझ्या कानावर पडले, ते मी कधीच कोशात शोधले नाहीत आणि आजवर विसरलेही नाहीत.

पुढच्या वर्षी वडिलांनी घरामागचे थॉमसन जातीच्या द्राक्षाचे दोन वेल माझ्यासाठी फवारणीविना ठेवले. मे महिन्यात कोवळी पाने आली तेव्हा मी खालतोंना व्हिडिओ फोन लावला. पाने पाहून त्यांनी शेंड्यापासून कितवे पान तोडावे ते सांगितले, आणि मग विचारले, 'कीफ अल-महसूल?' शेजारी खाटेवर बसलेल्या वडिलांनी तेवढा एक शब्द अचूक उचलला.

"शेतसारा तर मार्चातच भरला की. त्या बाईंना त्याचं काय?"

"दादा, त्या पीक कसं आहे ते विचारतायत."

"असं होय? मग सांग त्यांना, कांदा चाळीत भरलाय."